घरच्या कोंबड्यांची बारा अंडी

वहिनींच्या कोंबड्या चार, आणि चौघींची तोंडं चार दिशांना. ठिपकी घालायची तांबूस अंडं, वर नावाला जागून ठिपके. महाराणीचं पांढरं आणि इतकं मोठं की ती ते घालते तरी कसं, याचं वहिनींनाच नवल वाटे. लंगडीचं निमुळतं. आणि भांडखोर जे काही घालायची ते त्या दिवशी तिचं कुणाशी किती वाजलं होतं त्यावर अवलंबून असायचं. बारा अंडी ताटात मांडली की घरगुती समारंभातला फोटो वाटायचा. सगळे एकाच घरचे, पण एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

वहिनींना त्याचं कौतुक होतं. राज्य शेतकी प्रदर्शनाला नव्हतं. राजधानीत दर वर्षी भरणाऱ्या त्या प्रदर्शनात ‘घरच्या कोंबड्यांची बारा अंडी’ असा एक विभाग असायचा, आणि नंबर मिळायचा तो एकसारखेपणाला. रंग एक, आकार एक, वजन एक. आता घरच्या कोंबड्या एकसारखी अंडी कशाला घालतील? त्या काय गणवेश घालून शाळेत जातात? पण हा प्रश्न प्रदर्शनाच्या समितीला कधी पडला नाही, कारण समितीत कोंबडी पाळणारं कुणीच नव्हतं. होते ते सगळे भाषण करणारे. त्यामुळे वहिनी दर वर्षी हौसेने ताट मांडायच्या, परीक्षक हात मागे बांधून समोरून जायचे, “एकसारखेपणा नाही” एवढं पुटपुटायचे आणि पुढच्या ताटापाशी जाऊन “वा!” म्हणायचे.

पुढचं ताट धाकटीचं असायचं. धाकटी म्हणजे वहिनींची जाऊ. भिंतीला भिंत लागून घर, आणि पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर. गेली तीन वर्षं पहिला नंबर तिचाच. तीन निळ्या रिबिनी तिने पार्लरच्या आरशावर अशा लावल्या होत्या की भुवया कोरून घ्यायला बसलेल्या बाईला त्या दिसल्याशिवाय राहू नयेत. कुणी विचारलंच तर धाकटी मान वेळावून सांगायची, “काही नाही हो, मी माझ्या कोंबड्यांना शिस्त लावलीय.”

शिस्त लावलेल्या त्या कोंबड्या दोन होत्या आणि दोघीही म्हाताऱ्या. बारा अंडी जमवायला त्यांना अख्खा उन्हाळा पुरला नसता. वहिनींना हे भिंतीवरून रोज दिसत होतं, आणि तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्या जळण्यात इतक्या गुंतल्या होत्या की विचार करायला सवडच राहिली नव्हती.

या वर्षी मात्र प्रकरण जळण्यावर भागण्यासारखं नव्हतं. वहिनींचे यजमान मोजणीदार होते, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायचे, आणि कामावर नसले की घरातलं मोजायचे. खिशात टेप कायम. ब्रेडच्या कापांची जाडी मोजून बेकरीवाल्याशी भांडलेला दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी एक वापरलेली गाडी घेतली आणि त्याच संध्याकाळी ते मागच्या अंगणात खुराड्यासमोर टेप घेऊन ओणवे झाले.

“बसते,” ते म्हणाले.

“कोण बसतं?” वहिनींनी विचारलं.

“गाडी. हे खुराडं काढलं की बरोबर बसते. वर पत्रा टाकला की शेड तयार.”

“आणि माझ्या कोंबड्या?”

“विकू की. अगं, इतकी वर्षं पाळतेयस, एक रिबीन आणलीस का घरात? धाकटीकडे बघ. तिच्या दोन, तुझ्या चार. तिच्या रिबिनी तीन, तुझ्या शून्य.” त्यांनी टेप सुर्रकन आत सोडली. “चल, मी काही राक्षस नाही. या वर्षी रिबीन आली तर कोंबड्या राहतील. नाही आली तर शेड. ठरलं?”

संध्याकाळी दाणे टाकताना भांडखोरने नेहमीप्रमाणे त्यांच्या बोटाला चोच मारली, आणि वहिनींना एकदम भरून आलं. या चौघी म्हणजे घरातली अशी एकच जागा होती जिथे त्यांची कुणीतरी वाट बघत असे. नवरा वाट बघायचा, पण जेवणाची.

त्यानंतर आठवडाभराने त्या कागदी ट्रे आणायला अंड्यांच्या ठोक गोदामात गेल्या. हे गोदाम अंडीसम्राटांचं. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती आणि गावभर फलकांवर रंगवून घेतली होती. फलकावर ते एका प्रचंड अंड्याला टेकून उभे असत. सम्राट स्वतः वर वातानुकूलित खोलीत बसायचे. खाली गोदामात एक म्हातारा हमाल आणि छतापर्यंत ट्रेच्या थप्प्या. आणि त्या थप्प्यांमध्ये, दिव्याखाली, पाठमोरी धाकटी.

वहिनी चटकन थप्पीमागे सरकल्या. धाकटीच्या एका हातात पडद्याची पितळी कडी होती. ती एकेक अंडं उचलायची, कडीतून घालून बघायची, अडलं तर परत ठेवायची, सैल गेलं तर परत ठेवायची, आणि अगदी अंगासरशी बसलं तरच पिशवीत. भुवया कोरतानासुद्धा ती इतकी मन लावून काम करत नसे. बारा झाली तशी ती निघून गेली, आणि वहिनी थप्पीमागून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

“ही बाई दर वर्षी येते का हो?” त्यांनी हमालाला विचारलं.

“हीच काय, पुष्कळ येतात. प्रदर्शन जवळ आलं की बायका येतात, पुरुष येतात, तासन् तास निवडत बसतात. मोठ्या घरची माणसं, एकेक अंडं निवडून खातात बहुतेक.” हमालाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. “तुम्हाला निवडायचीत का?”

खरं तर वहिनींनी तिथून तडक धाकटीच्या पार्लरमध्ये जायला हवं होतं आणि गिऱ्हाइकांदेखत तिची हजामत करायला हवी होती. त्यांनी तसं ठरवलंही. पण बाहेर पडायच्या आधी त्यांच्या डोळ्यांसमोर खुराडं आलं, त्यावर पत्रा आला, आणि पत्र्याखाली ती वापरलेली गाडी. पुष्कळ येतात, असं म्हणाला ना तो? मग इतकी वर्षं आपण एकट्याच कोणतं निशाण खांद्यावर घेऊन उभ्या होतो? वहिनी घरी गेल्या, स्टुलावर चढल्या आणि बैठकीच्या खोलीतल्या पडद्याची एक कडी काढून परत गोदामात आल्या.

अंडी छान होती, यात वाद नाही. सगळी एका साच्यातली, गुलाबी झाक असलेली. अडचण एकच, प्रत्येक अंड्याच्या जाड टोकाला अंडीसम्राटांचा मुकुटाचा शिक्का. गोल, रुपयाएवढा, लाल. धाकटीकडे नखांचा रंग काढायचं औषध होतं, तिचं भागत असणार. वहिनींनी लिंबू घेतलं. यजमान कामावर गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी एकेक शिक्का घासून काढला. कवच थोडं खरखरीत झालं, पण डोळ्याला काही कळत नव्हतं.

आता प्रश्न उरला घरच्या अंड्यांचा. दर वर्षीच्या सवयीने वहिनींनी तीही जमवून ठेवली होती, बारा, चौघींची मिळून. ओट्यावर दोन डझन अंडी दिसली तर मोजणीदार मोजल्याशिवाय राहणार नाहीत, आणि मोजली की विचारल्याशिवाय राहणार नाहीत. लपवायची तर कुठे? ज्या घरात प्रत्येक फडताळाची खोली नवऱ्याला इंचात पाठ आहे तिथे लपवणार काय? प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे वहिनींनी मोठं पातेलं चढवलं आणि आपली बाराच्या बारा अंडी उकडून टाकली. प्रवासाचा डबा झाला आणि पुरावाही मिटला. आपल्या हुशारीवर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मीठ-मिरपुडीची पुडीसुद्धा वेगळी बांधली.

“पडदा लोंबतोय,” निघताना मोजणीदार म्हणाले. “एक कडी कमी आहे.”

“पडली असेल कुठेतरी. चला, उशीर होतोय.”

गाडीत पुढे दोघे भाऊ, मागे दोघी जावा. दोघींच्या मांडीवर कापडाने झाकलेले ट्रे. खड्डा आला की दोघी एकदम “सावकाश!” ओरडायच्या आणि मग एकमेकींकडे बघून गोड हसायच्या.

“या वर्षी तुमचा नंबर यायलाच हवा ताई,” धाकटी म्हणाली. “मला तर आता रिबिनी लावायला जागाच नाही.”

“बघू गं. आमच्या कोंबड्यांनाही आता शिस्त लागलीय,” वहिनी म्हणाल्या. धाकटीने किंचित चमकून त्यांच्या ट्रेकडे पाहिलं, पण कापड जाड होतं.

शेतकी प्रदर्शन म्हणजे शेती सोडून सगळं. फाटकातून आत शिरलं की आधी गाद्यांचा स्टॉल, मग विम्याचा, मग टकलावर केस उगवून देणाऱ्या तेलाचा. तेलवाल्याच्या डोक्यावर टोपी होती. मध्ये एका मोठ्या फलकावर कृषिमंत्री नांगर धरून उभे होते आणि नांगर उलटा धरला होता. शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन मेंढीबरोबर फोटो काढण्यासाठी रांगेत उभी होती. मेंढीच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने पुढे घरी गेल्यावर नीट बघावेत. खरे शेतकरी कुठे आहेत म्हणून शोधायला गेलं तर ते सापडत होते आइस्क्रीमच्या गाडीभोवती. मोजणीदारांनी राज्यातल्या सर्वांत मोठ्या भोपळ्याला टेप लावली आणि पाटीवर लिहिलेल्यापेक्षा तो दोन बोटं कमी भरतो, हे रखवालदाराला पटवून द्यायला सुरुवात केली. धाकटे बंधू, म्हणजे वहिनींचे भावजी, विकायला ठेवलेल्या ट्रॅक्टरवर जरा बसून आले.

अंड्यांच्या तंबूत वहिनींनी आपलं ताट मांडलं, आणि कापड बाजूला करून त्या अभिमानाने मागे सरकल्या. मग त्यांनी शेजारच्या ताटाकडे पाहिलं. मग त्यापलीकडच्या. लांबलचक टेबलावर शेवटपर्यंत ताटं होती आणि शेवटपर्यंत तीच अंडी होती. गुलाबी झाक, एक साचा, सगळी कडीतून काढल्यासारखी. ताटामागे उभे असलेले लोक छताकडे बघत होते.

त्यात परीक्षक बदलले होते. हात मागे बांधणारे गृहस्थ निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कुक्कुटपालन शिकवून शिकवून घसा बसलेल्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर एक काळी पेटी होती, आत दिवा, वर भोक. भोकावर अंडं धरलं की आतलं सगळं उजेडात दिसायचं. बाईंच्या शेजारी, पाहुण्यांच्या खुर्चीवर, साक्षात अंडीसम्राट बसले होते. या वर्षीचा तंबू त्यांच्या पैशातून उभा राहिला होता आणि त्यांना प्रमुख पाहुणे केल्याशिवाय तो उभा राहणार नव्हता. तंबूच्या चारही खांबांवर ते अंड्याला टेकून उभे होते.

“स्पर्धकांनी बाहेर थांबायचं आहे,” बाई खरखरीत आवाजात म्हणाल्या. “निकाल लाउडस्पीकरवर.”

मैदानाच्या कडेला एका झाडाखाली चौघं बसली. वहिनींनी डबा उघडला. ब्रेड, लोणी, मिरपुडीची पुडी, आणि न सोललेली बारा अंडी. पुरुष भुकेलेले होते. त्यांनी सोलायला आणि तोंडात टाकायला जी सुरुवात केली ती बघण्यासारखी होती. धाकटी आधी “मला नको, मी डाएटवर आहे” म्हणाली आणि मग तिनेही एक घेतलं. वहिनींनी नुसतंच एक हातात घेतलं होतं, तांबूस, ठिपक्यांचं.

“अगं, ही अंडी काय सुरेख लागतायत!” मोजणीदार दुसरं संपवून म्हणाले. बायकोच्या हातचं काही सुरेख लागलं असं ते शेवटचं कधी म्हणाले होते, ते वहिनींना आठवेना.

“खरंच ताई,” धाकटी तिसरं सोलत म्हणाली, “कुठून आणलीत? गोदामातली अशी लागतच नाहीत.”

आपण काय बोललो ते तिला अर्ध्यावर कळलं आणि तिने अख्खं अंडं तोंडात कोंबलं. वहिनी काही म्हणणार एवढ्यात झाडावरच्या लाउडस्पीकरमध्ये खरखर झाली. तंबूत कुणीतरी माइक चालू ठेवून विसरलं होतं.

“हा गोल डाग कसला?” परीक्षक बाईंचा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू आला. “कवच इथे पातळ झालंय. उजेडात चक्क चकती दिसतेय.”

“बघू, बघू,” अंडीसम्राटांचा आवाज. मग पेटीवर अंडं टेकल्याचा आवाज. “अहो बाई! ही तर आपल्या शिक्क्याची जागा! बघा ना, जाड टोकाला, रुपयाएवढी. कुणीतरी पुसलाय, पण जागा आपलीच.”

“आणि हे दुसऱ्या ताटातलं?”

“हेही आपलं.”

“हे?”

“आपलंच! आणि ते? आणा ते. आपलं! अहो, सगळीच आपली की!” सम्राटांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “बघितलंत अध्यक्षसाहेब? राज्यभरातून लोकांनी निवडून निवडून आणली, आणि सगळ्यांनी आपलीच आणली! याला म्हणतात दर्जा!”

मेंढीपाशी रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने घाईघाईने तोंडावर रुमाल धरला. आइस्क्रीमच्या गाडीजवळून दोन माणसं फाटकाकडे चालू लागली, पळणं बरं दिसलं नसतं म्हणून. लाउडस्पीकरमधून कुजबुज आली, कुणीतरी “माइक, माइक!” म्हणालं, आणि मग परीक्षक बाईंनीच तो हातात घेतला असावा.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “विभागाचं नाव ‘घरच्या कोंबड्यांची बारा अंडी’ आहे. टेबलावर एकही अंडं घरचं नाही. तरीही मैदानात कुणाकडे स्वतःच्या कोंबड्यांची बारा अंडी असतील तर त्यांनी आत्ता घेऊन यावीत. लहान असोत, मोठी असोत, वाकडी, मळकी, कशीही चालतील. एकसारखी नसली तर फारच चांगलं. रिबीन त्यांची. मी थांबलेय.”

झाडाखाली कुणी चघळेना. मोजणीदारांच्या हातात त्यांचं चौथं अंडं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर.

“एकही नाही म्हणजे,” ते घास गालात सरकवून म्हणाले, “धाकटीचंसुद्धा?”

धाकटी आपल्या नखांकडे बघत होती. नखं सुंदर होती.

“आणि तुझंसुद्धा?”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

“पडद्याची कडी!” मोजणीदारांना एकदम उलगडा झाला. आयुष्यात मोजमापाचं काही सुटलेलं त्यांना खपत नसे. मग त्यांची नजर हातातल्या अर्ध्या अंड्यावर गेली. “मग हे कुणाचं?”

“आपलं.”

“आपलं म्हणजे?”

“ठिपकीचं, महाराणीचं, लंगडीचं आणि भांडखोरचं. तुम्ही आता खाताय ते महाराणीचं.”

मोजणीदारांनी खाली पाहिलं. वर्तमानपत्रावर टरफलांचा ढीग होता. पांढरी, तांबूस, पिवळट, ठिपक्यांची, कुठलंही कुठल्याशी जुळत नव्हतं. लाउडस्पीकरमध्ये बाई पुन्हा खाकरल्या. “कुणी आहे का?”

“दादा, टरफलं आहेत की!” भावजी घाईघाईने म्हणाले. “टरफलं नेऊन दाखवली तर? त्यावरून बारा भरतील बरोबर. तू मोजून दे.”

“मूर्खासारखं बोलू नकोस,” मोजणीदार म्हणाले, पण त्यांनी क्षणभर विचार केला होता, हे वहिनींना दिसलं.

वहिनी उठल्या. हातात ते एक अंडं होतं, ठिपकीचं. अख्खं मैदान ओलांडून जाताना त्यांना कुणी बघत नव्हतं आणि तरी त्यांना वाटत होतं की मेंढीसुद्धा आपल्याकडे बघतेय. तंबूत ताटांमागे आता कुणीच उभं नव्हतं. ताटं होती, माणसं पांगली होती. वहिनींनी अंडं बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

बाईंचा चेहरा उजळला. “या! हे बघा, याला म्हणतात अंडं. काय ठिपके आहेत!” त्यांनी ते उचलून पेटीच्या भोकावर धरलं. उजेड काही आरपार आला नाही. त्यांनी ते फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं, मग चष्मा वर केला.

“उकडलेलं आहे हो हे.”

“हो.”

“आणि बाकीची अकरा?”

वहिनींनी तंबूच्या दारातून बाहेर बोट दाखवलं. झाडाखाली तिघं बसली होती. दोघांचे गाल अजून फुगलेले होते आणि तिसरी मिरपूड झटकत होती. बाईंनी तिकडे पाहिलं.

“पण उकडलीत कशाला?” त्यांनी विचारलं. घसा बसलेला असूनही आवाज हळू होता.

“दिसायला चांगली नव्हती,” वहिनी म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना इतकी लाज वाटली की टेबलाखाली शिरावंसं वाटलं. नियम मोडल्याची लाज नव्हती ती. ज्यांना वाचवायला म्हणून हे सगळं केलं, त्या कोंबड्यांच्याच नावावर वहिनींनी दुसऱ्याची अंडी मांडली होती, आणि कोंबड्यांनी दिलेली उकळत्या पाण्यात टाकली होती.

बाईंनी अंडं त्यांच्या हातात परत दिलं. “कच्ची लागतात, आणि बारा,” त्या म्हणाल्या. “माझा इलाज नाही.”

समितीचा मात्र होता. रिबीन आणलेली होती, फोटोग्राफर आलेला होता, आणि प्रमुख पाहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवलं तर पुढच्या वर्षी तंबू कुठून आणायचा? अध्यक्षांनी माइक घेतला. अंडीसम्राटांच्या कोंबड्या लाखभर असल्या तरी त्या त्यांच्या स्वतःच्याच, म्हणजे एका अर्थी घरच्याच, असं त्यांनी भावपूर्ण शब्दांत सांगितलं, आणि टेबलावरच्या सर्वच ताटांच्या वतीने पहिला नंबर सम्राटांना देऊन टाकला. सम्राटांचे डोळे पाणावले. परीक्षक बाई फोटोत येईनात, तर त्यांच्या जागी काळी पेटी उभी केली.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर कुणाच्याच मांडीवर काही नव्हतं. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. आरशावरच्या तीन रिबिनींचं काय करायचं, हा विचार तिच्या मानेवर शेजारूनसुद्धा वाचता येत होता. भावजी घोरत होते. अर्ध्या वाटेवर मोजणीदारांनी गाडीचा वेग कमी केला.

“हे बघ, मी काही बोलत नाही,” ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. “पण ठरलं ते ठरलं. रिबीन नाही, तर शेड.”

“रिबीन मी आणली होती,” वहिनी म्हणाल्या. “डब्यात होती. मीठ-मिरपूड लावून चार घास तुम्ही खाल्लेत तिचे.”

घरी पोहोचल्यावर मोजणीदारांनी गाडी बाहेर रस्त्यावरच उभी केली, कुंपणाला लागून, आणि ती किती बसली, किती उरली, हे न बघता ते आत गेले.

वहिनी मागच्या अंगणात आल्या तशा चौघी धावत पायांशी आल्या. लंगडी नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी. भांडखोरने बोटाला चोच मारली, आणि वहिनींनी हात मागे घेतला नाही. खुराड्यात गवतावर एक अंडं पडलं होतं. एका बाजूला चेपल्यासारखं, ठिपके, वर नखाएवढी घाण. वहिनींनी ते उचललं आणि सवयीने पुसायला फडकं घेतलं. मग त्यांनी फडकं परत दोरीवर टाकलं, आणि ते तसंच, मळकं, आत नेऊन ओट्यावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.